पिसाचा नांगर : ‘आकरमान’च्या अनुवादाच्या नोंदी

६ जून

अखेर ठरलं. तीन आठवडे तीन पुस्तकं डोक्यात घोळत होती. पहिलं सेबास्टियान ब्रांटचं ‘नारेनशिफ’, म्हणजे मूर्खांचं जहाज (बाझल, १४९४). प्रकरणं ११२, ओळी सात हजारांच्या आसपास, आणि सगळं यमकात. दिवसभर यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीत करायच्या आणि रात्री सात हजार ओळींची यमकं जुळवत बसायचं, हे माझ्याच्याने होणार नाही. केलंच तर त्या जहाजात पहिली जागा माझी.

दुसरं ‘टिल ऑइलेनश्पीगल’, १५१०-११ च्या सुमारास स्ट्रासबुर्गला छापलेलं. टिल मालकाचा प्रत्येक हुकूम शब्दशः पाळतो आणि मालकाची फजिती करतो. गंमत सगळी जर्मन शब्दांच्या दुहेरी अर्थात. मराठीत पानोपानी तळटीप द्यावी लागेल, आणि तळटीप वाचून कोणी हसत नाही.

उरला ‘आकरमान’, म्हणजे शेतकरी. योहानेस फॉन टेप्ल याने साधारण १४०१ मध्ये लिहिलेला. बायको गेलेला माणूस मृत्यूलाच कोर्टात खेचतो. ३४ छोटी प्रकरणं, सगळं गद्य. विषम प्रकरणांत माणूस बोलतो, सम प्रकरणांत मृत्यू. ३३ व्यात देव निकाल देतो आणि ३४ वं प्रकरण म्हणजे बायकोच्या आत्म्यासाठी प्रार्थना. सगळं मिळून एका पातळ चोपडीएवढं. दिवाळीपर्यंत कच्चा खर्डा व्हायला हरकत नाही.

९ जून

पहिल्याच वाक्यात पाय घसरला.

मूळ असं: ‘ग्रिमिगर टिल्गर आलर लॉइटे, शेडलिशर एश्टर आलर वेर्ल्टे, फ्राइसामर मॉर्डर आलर मेन्शेन.’ हे मोठ्याने म्हणून बघितलं की कळतं, रागाच्या भरात कोणी असं बोलत नाही. तीन तुकडे, तिन्हींची घडण एक: विशेषण, कर्ता, ‘आलर’ आणि मग कोणाचा ते. मी ‘एश्टर’ वाचलं आणि बिनधास्त ‘खराखुरा’ लिहून मोकळी झाले, कारण आजच्या जर्मनमध्ये ‘एश्ट’ म्हणजे अस्सल. जगाचा हानिकारक अस्सल? दोन तास त्या अस्सलचं काय करायचं याचा विचार केला. मग कोश उघडला. हा शब्द ‘आख्ट’वरून आलाय. एखाद्याला कायद्याच्या संरक्षणाबाहेर काढायचं, मग त्याला कोणीही मारलं तरी गुन्हा नाही, त्या शिक्षेचं नाव ‘आख्ट’. ती ज्याच्यावर बजावायची त्याचा पिच्छा पुरवणारा तो ‘एश्टर’.

पहिल्या तुकड्यातही पाठभेद आहे. काही ठिकाणी ‘लॉइटे’ (लोक), काही ठिकाणी ‘लांडे’ (देश). योहानेसच्या हातची प्रत नाहीच. सगळ्यात जुनं हस्तलिखित १४४९ चं, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर तीसेक वर्षांनी केलेलं. हस्तलिखितं १६ आणि जुन्या छापील आवृत्त्या १७. बाम्बेर्गच्या आल्ब्रेख्त फिस्टरने १४६३ च्या सुमारास हे पुस्तक लाकडी ठशांच्या चित्रांसह छापलं. जर्मन भाषेतल्या अगदी पहिल्या छापील पुस्तकांत याची गणना होते. गुटेनबर्गचं बायबल बाहेर पडून तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती.

मी ‘लोक’ घेतला.

१५ जून

आज सर्वनामांचा दिवस. शेतकरी मृत्यूला शिव्या देतो, पण ‘तुम्ही’ म्हणून. मृत्यू स्वतःला ‘आम्ही’ म्हणवतो आणि शेतकऱ्याला ‘तू’. राजाच्या फर्मानातलं ‘आम्ही’ मराठीत आयतं मिळतं. ‘तू’-‘तुम्ही’चा फरकही. हे दुसरं सुख इंग्रजी अनुवादकाला नाही.

अडचण भलतीकडेच निघाली. मी लिहिलं, ‘साऱ्या लोकांच्या निर्दय संहारका’. मराठीत संबोधनाला ‘आ’ लावला की तो माणूस आपोआप ‘तू’ होतो. ‘अरे खुन्या’ जमतं, ‘अहो खुन्या’ जमत नाही. मग शिवी द्यायची आणि ‘अहो’ही राखायचं कसं?

संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे भाऊकाका वर आले. जिल्हा न्यायालयात शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेत. त्यांना वाचून दाखवलं.

‘अगं, हा तर मायना आहे,’ ते म्हणाले. ‘जुन्या कागदांत बघ, श्रीमंत राजमान्य राजश्री अमुकतमुक. तिथे कोणी राजश्रीला आकार लावत नाही. तशी पदव्यांची माळ लाव, आणि पदव्या शिव्यांच्या ठेव.’

योहानेस झाट्स गावाचा नोटरी आणि तिथल्या लॅटिन शाळेचा मुख्याध्यापक. दिवसभर मायनेच लिहायचा. तेव्हा काकांचं म्हणणं बरोबरच बसतं. झालेलं वाक्य असं:

‘सकळ लोकांचे निर्दय संहारक, सकळ जगाला घातकीपणे हद्दपार करणारे, सकळ मानवांचे भयानक खुनी, अहो मृत्यू, तुमचं तळपट होवो!’

‘हद्दपार’ऐवजी काकांना ‘तडीपार’ हवा होता. त्याला पेपराचा वास येतो म्हणून मी नाही म्हटलं. ते थोडे रुसले.

जाता जाता त्यांचा दुसरा आक्षेप: ‘खून म्हणतोय ना? मग हा फिर्यादी. तू वादी लिहिलंयस. वादी दिवाणीत.’ तपासून बघते म्हटलं. प्रकरणाच्या शेवटी ‘त्सेटर’ अशी आरोळी आहे, हात पिळवटून मारलेली. ती जुन्या जर्मन न्यायपद्धतीतली आहे. गुन्हा घडला की अशी आरोळी ठोकून फिर्याद सुरू व्हायची. म्हणजे फौजदारीच. पुढे मात्र तोच माणूस नुकसानभरपाई मागतो, आणि मध्यावर तर चक्क सल्ला मागायला लागतो. काकांच्या मते हा दाव्याचा प्रकारच बदलतो आणि कोणी हरकत घेत नाही, यावरून तिथे वकील नव्हता हे सिद्ध होतं.

२८ जून

तिसऱ्या प्रकरणात शेतकरी आपली ओळख सांगतो: मला आकरमान म्हणतात, माझा नांगर पाखराच्या वस्त्राचा, मी बोहेमियात राहतो. पाखराचं वस्त्र म्हणजे पीस, आणि पिसाचा नांगर म्हणजे लेखणी. तेव्हा हा शेतकरी शेतकरी नाहीच, कारकून आहे. मराठीत ‘पिसाचा नांगर’ लिहिलं की ‘पिसं’ची, वेडाची छटा आपोआप येते. मुळात ती नाही. पण येऊ दे, मी काढणार नाही.

लगेच पुढे कोडं. ‘वर्णमालेतलं बारावं अक्षर, माझ्या आनंदाचा ठेवा, माझ्यापासून हिरावून नेलं.’ मी बोटांवर मोजलं: एल. ल्युसिया? लॉरा? योहानेसच्या बायकोचं नाव मार्गारेटा होतं असं मी आधी वाचलेलं, म्हणून वाटलं कुठेतरी दोन मतं असावीत, आणि रात्री एकपर्यंत ती शोधत बसले.

मतं वगैरे काही नव्हती. चूक माझ्या बोटांची. त्या काळच्या लॅटिन वर्णमालेत ‘जे’ वेगळा नव्हता, ‘आय’च दोन्ही कामं करायचा. ‘यू’ आणि ‘व्ही’ एकच, ‘डब्ल्यू’ नाही. एकूण अक्षरं २३. त्यात बारावं अक्षर एम. चौथ्या प्रकरणात मृत्यूही असंच गावाचं नाव सांगतो: डोंगराच्या उतारावर वसलेलं देखणं, भक्कम गाव, अठरावं, पहिलं, तिसरं आणि तेविसावं अक्षर मिळून त्याचं नाव. आजच्या वर्णमालेने आर, ए, सी, डब्ल्यू, म्हणजे काहीच नाही. जुन्या वर्णमालेने एस, ए, सी, झेड. साक्झ, म्हणजे झाट्स, आजचं चेकमधलं झातेत्स. तिथल्या हॉप्समुळे बिअरवाल्यांना हे नाव ठाऊक असतं, साहित्यवाल्यांना क्वचितच.

मराठीत काय करू? आपला ‘म’ म्हणजे ‘क’पासून मोजलं तर पंचविसावा, स्पर्श व्यंजनांतला शेवटचा. ‘पंचविसावं अक्षर हिरावून नेलं’ हे सुंदर आहे आणि खोटं आहे. तो लॅटिन शाळेचा मास्तर, त्याने ‘क ख ग’ कशाला मोजावं? शिवाय गावाच्या चार अक्षरांना देवनागरीत काही जोडच नाही. एका कोड्याला एक वर्णमाला आणि दुसऱ्याला दुसरी, असा घोळ नको. ‘बारावं’च ठेवलं. प्रस्तावनेत जुन्या २३ अक्षरांची ओळ देणार. वाचकानेही माझ्यासारखं एकदा चुकून बघावं.

१३ जुलै

१४ वं प्रकरण. मृत्यू तारीख सांगतो, तीही वाकड्या वाटेने: जगाच्या आरंभापासून ६५९९ वं वर्ष, स्वर्गाच्या द्वारपालाच्या बेड्यांचा सण. द्वारपाल म्हणजे संत पीटर. त्याच्या बेड्यांचा सण १ ऑगस्टला. त्या जुन्या गणनेत ख्रिस्तजन्माआधीची ५१९९ वर्षं धरतात, ती वजा केली की १४०० उरतं. १ ऑगस्ट १४००, बाळंतपणात.

‘बाळंतपणात’ हा शब्द मुळात सहज येऊन जातो. मृत्यू तो खुलाशाच्या सुरात उच्चारतो, वर म्हणतो की तिच्यावर आम्ही कृपाच केली. अनुवाद करताना या वाक्यापाशी मी थांबले नाही, कारण मूळही थांबत नाही.

२० जुलै

ऑफिसचं काम वाढलंय. आठवड्यात एकच प्रकरण. फसव्या शब्दांची यादी मात्र लांबतेय: ‘वित्झ’ म्हणजे विनोद नव्हे, समज. ‘कुन्स्ट’ म्हणजे कला नव्हे, विद्या. ‘श्लेख्त’ म्हणजे वाईट नव्हे, साधं-सरळ. ‘एलेंड’चा मूळ अर्थ परमुलूख, हालअपेष्टा त्याला पुढे चिकटल्या. आपल्याकडेही ज्ञानेश्वरीतला शब्द आजच्या अर्थाने वाचला की असंच होतं, पण तिथे निदान माणूस सावध असतो.

१० ऑगस्ट

पत्राबद्दल लिहायचं राहिलं होतं. पाचशे वर्षं लोक ‘आकरमान’ एका विधुराचा आक्रोश म्हणून वाचत आले. १९३३ मध्ये कोनराड योझेफ हायलिग यांना फ्रायबुर्गच्या विद्यापीठ ग्रंथालयात एक लॅटिन पत्र सापडलं. योहानेसने हे पुस्तक पेटर रोटर्स नावाच्या मित्राला पाठवताना सोबत जोडलेलं. त्यात बायकोबद्दल चकार शब्द नाही. वक्तृत्वशास्त्राची मुख्य अंगं या पुस्तिकेत दाखवली आहेत, असं तो सांगतो. कुठे लांब विषय आखूड केला, कुठे आखूड विषय लांबवला, कुठे एकाच गोष्टीची स्तुती आणि निंदा दोन्ही. शिक्षकाने विद्यार्थ्याला वही दाखवावी तसं.

मग वाद पेटला: हे दुःख आहे की स्वाध्याय? त्याआधी १९१७ मध्ये कोनराड बुरडाख यांनी आलोइस बेर्न्ट यांच्याबरोबर काढलेल्या मोठ्या आवृत्तीत या पुस्तकात युरोपच्या नव्या मानवतावादाची पहाट दिसली होती. मग आर्थर ह्यूबनर म्हणाले, पहाट कसली, यातले सगळे नमुने जुन्या जर्मन कवितेतले आहेत. आणि पत्र सापडल्यावर तर काहींनी मार्गारेटाच काल्पनिक ठरवली.

मी हा वाद काकांना सांगितला. काका चहा पीत होते.

‘पत्र कोणाला लिहिलंय?’

‘मित्राला, प्रागला.’

‘मग मित्राला माहीत नसेल का, बायको गेली ते? पुन्हा कशाला लिहील?’

काकू जाऊन सहा वर्षं झाली. काका त्यांच्याबद्दल कधी बोलत नाहीत. पण त्यांची वारसा प्रमाणपत्राची फाईल मी एकदा पाहिली आहे. प्रत्येक कागदाला पान क्रमांक, वर अनुक्रमणिका, लाल फीत, आणि मृत्यूच्या दाखल्याच्या सात सत्यप्रती. लागणार होत्या दोन.

२४ ऑगस्ट

आज हसू आलं. १५ व्या प्रकरणात शेतकरी विचारतो, तुम्ही आहात तरी कोण, दिसता कसे? १६ व्यात मृत्यू म्हणतो, आम्ही काहीच नाही आणि तरी काहीतरी आहोत. मग सांगतो: रोममध्ये एका देवळाच्या भिंतीवर आमचं चित्र होतं. बैलावर बसलेला माणूस, उजव्या हातात कुदळ, डाव्या हातात फावडं, आणि बैलावरूनच तो लढतोय.

मराठी वाचकाला पुढचं सांगायला नको, त्याच्या डोळ्यांपुढे रेडा उभा राहणारच. मलाही ‘रेड्यावर’ लिहायचा मोह झाला, बोटं ‘र’पर्यंत गेलीही. पण हा यम नाही, याच्या हातात पाश नाही, चित्रगुप्त नाही. हा मातीतली अवजारं घेतलेला, खड्डा खणणारा मृत्यू आहे. एकदा रेडा आला की संपूर्ण पुस्तकावर यमपुरी चढते. बैलच. कालपर्यंत एके ठिकाणी मी ‘यमसदनी’ लिहिलं होतं, तेही आज खोडलं.

खरी मेख पुढेच. ‘ज्याचे डोळे बांधलेले होते’ असं मुळात आहे. ज्याचे म्हणजे कोणाचे, माणसाचे की बैलाचे? जर्मन सर्वनाम दोघांनाही लागतं. मराठीत ‘डोळे बांधलेल्या बैलावर’ म्हटलं तर मृत्यू डोळस आणि वाहन आंधळं. ‘डोळे बांधलेला माणूस’ म्हटलं तर मृत्यूच आंधळा. दोन अगदी वेगळी चित्रं. घाण्याच्या बैलाला झापडं असतात, ते चित्र आपल्या ओळखीचं, म्हणून मन तिकडे ओढ घेतं. पण ओढ माझी, योहानेसची नाही. शेवटी: ‘बैलावर एक माणूस बसला होता, डोळे बांधलेले’. कोणाचे ते वाचकाने ठरवावं. एका स्वल्पविरामासाठी दीड तास गेला.

२१ सप्टेंबर

२४ आणि २५. पुस्तकातली माझी आवडती जोडी. २४ मध्ये मृत्यू माणसाच्या देहावर तुटून पडतो: घाणीचं पिंप, किड्यांचं अन्न, दुर्गंधीचं घर, तळ नसलेलं पोतं, भोक पडलेली पिशवी, लोहाराचा भाता, मुताचं मडकं. शब्द शोधायला लांब जावं लागलं नाही. दासबोधाच्या तिसऱ्या दशकातला जन्मदुःखनिरूपणाचा समास आजी पाठ म्हणायची. तो सूर कानात होता, म्हणून हे प्रकरण एका बैठकीत झालं. अशी देहनिंदा ख्रिस्ती मठांतही होती आणि आपल्याकडेही. दोघांचं उद्दिष्ट वेगळं, शिव्यांची पोतडी मात्र सारखीच.

२५ ला वेळ लागला. शेतकरी उत्तर देतो: देवाने घडवलेल्या सर्वांत कसबी वस्तूला तुम्ही मडकं म्हणता? आणि एकेक अवयव घेतो. डोळ्याचं बुबुळ म्हणजे सर्वांत खात्रीचं साधन, आरशासारखं घडवलेलं. कान, नाक, जीभ, मग बुद्धी. लेखणीच्या माणसाने शरीराची मोजदाद करावी तशी. इथे दासबोधाचा सूर चालेना, आणि स्तोत्राचा लावला तर खोटं वाटायला लागलं. तीन वेळा फाडलं. शेवटी सोनार दागिना हातात घेऊन गिऱ्हाईकाला दाखवतो तसं लिहिलं: हे बघा, इथे बघा, हे काम बघा.

‘एकाच गोष्टीची स्तुती आणि निंदा’ हे पत्रातलं वाक्य बहुधा या जोडीलाही उद्देशून असावं. स्वाध्याय म्हणावा तर हा सुटलाय फारच चांगला.

५ ऑक्टोबर

२७ मध्ये शेतकरी विचारतो, मी पुन्हा लग्न करू का? त्याच मृत्यूला, ज्याने पहिली नेली! २८ मध्ये मृत्यू लग्नावर असा काही घसरतो की एखाद्या जुन्या वगातला मावशीचा प्रसंग वाटावा. आजच्या वाचकाला हे प्रकरण खटकेल. मी सौम्य केलेलं नाही, कारण २९ मध्ये शेतकरी त्याला झापतो, आणि झापण्याला जोर यायचा तर आधीचं तेवढंच उर्मट हवं.

योहानेस १४११ मध्ये प्रागच्या नव्या शहरात मोठ्या हुद्द्यावर गेला. १४१५ च्या नोंदीत त्याची विधवा म्हणून क्लारा येते. म्हणजे पुस्तकातल्या प्रश्नाचं उत्तर त्याने पुस्तकाबाहेर दिलं.

जाता जाता: चेक भाषेत याचा एक जोडीदार आहे, ‘त्काद्लेचेक’, म्हणजे विणकर. तोही भांडतो, पण दुर्दैवाशी, आणि कारण काय, तर प्रेयसी सोडून गेली. काकांचं मत: ‘ही केस दाखलच करून घ्यायला नको होती.’

१९ ऑक्टोबर

निकाल. देव सुरुवातीला एक गोष्ट सांगतो. वसंत, उन्हाळा, शरद आणि हिवाळा यांचं भांडण लागतं, प्रत्येकजण आपली बढाई मारतो, आणि ही सत्ता आपल्याला दुसऱ्याने दिलीय हे चौघंही विसरतात. मग दोन्ही पक्षांना तोच दोष. फिर्यादी बायको जणू वारसाहक्काने आपली होती असं रडतो, ती उसनी दिली होती हे विसरून. मृत्यू राज्याचा तोरा मिरवतो, जे त्याला केवळ ‘लेहेन’ म्हणून मिळालंय.

‘लेहेन’ला जहागीर म्हणावं का? वतन? वतन पिढीजात, म्हणजे इथे नेमकं उलटं. काकांनी एका वाक्यात सोडवलं: ‘वहिवाट आहे, मालकी नाही.’ तेच घातलं, दोघांनाही.

शेवट: फिर्यादीला मान, मृत्यूला जय. कारण प्रत्येक माणूस आपलं जीवन मृत्यूला, शरीर मातीला आणि आत्मा आम्हाला देणं लागतो. इथे ‘आम्ही’ देवाचं. ३२ प्रकरणं ‘आम्ही आम्ही’ करणाऱ्या मृत्यूला इथे पहिल्यांदा खऱ्या मालकाचं ‘आम्ही’ ऐकू येतं. हे मला अनुवाद करतानाच कळलं. नुसतं वाचताना दोनदा निसटलं होतं.

काकांनी विचारलं, ‘खर्चासह?’

खर्चाबद्दल काही नाही म्हटलं.

‘म्हणजे ज्याचा त्याने सोसायचा,’ ते म्हणाले, आणि बराच वेळ पान उलटलं नाही.

२ नोव्हेंबर

प्रार्थना. दहा तुकडे, आणि त्यांची आद्याक्षरं उभी वाचली की ‘योहानेस मा’. ‘मा’ म्हणजे मागिस्टर, त्याची पदवी, असं बहुतेक म्हणतात. मार्गारेटा म्हणणारेही आहेत. देवनागरीत पाचच अक्षरं होतात: यो, हा, ने, स, मा. म्हणून दोन-दोन तुकडे एकत्र केले. पहिली ओळ मुळात ‘साऱ्या जगाच्या अखंड जाग्या पहारेकऱ्या’ अशी. ‘यो’ हवा म्हणून ‘योजिलेल्या साऱ्या जगाच्या अखंड जाग्या पहारेकऱ्या’ केली. ‘योजिलेल्या’ मी पदरचा घातलाय, तेवढी चोरी कबूल. देवाला मात्र आकार लावता आला. आपल्याकडे देव ‘तू’च.

शेवटच्या तुकड्याला ‘मा’ हवा होता आणि त्याच तुकड्यात तिचं नाव येतं. मार्गारेटा. तिथे काही जुळवावं लागलं नाही.

राहिलेलं: प्रस्तावना, २३ अक्षरांची ओळ, आणि ‘हद्दपार’ की ‘तडीपार’ यावर काकांशी पुन्हा एकदा बोलणं. रविवारी पहिल्या प्रकरणापासून मोठ्याने वाचायचंय. शेतकरी मी वाचणार होते, पण काका म्हणाले की फिर्यादी तेच होणार, मी मृत्यू व्हायचं.